भजनाच्या रेकॉर्डिंगसाठी लॅपटॉप कुठला घ्यावा? यूएसबी इंटरफेस टकटक करतो आणि मधेच गायब होतो

पेडण्याचा_पेटीवाला:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. आमचं गावचं भजनी मंडळ आहे, मी पेटीवर असतो. आमचे बुवा आता ऐंशीच्या घरात आलेत आणि त्यांच्याकडच्या कितीतरी चाली दुसऱ्या कोणाकडेच नाहीत, म्हणून चवथीच्या आधी देवळाच्या सभामंडपात बसून जमेल तेवढं रेकॉर्ड करून ठेवायचं असं मंडळाने ठरवलंय. माइक चार, एक बुवांना, एक पेटीला, एक पखवाजाला आणि एक टाळ आणि मागे म्हणणाऱ्यांना मिळून. इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज लॅपटॉपला पोचवणारा डबा, मित्राचा आहे, चार इनपुटचा, यूएसबी २.० वाला, त्याला स्वतःचा अडॅप्टर आहे. लॅपटॉप भाच्याचा, गेमिंगचा, आय७ आणि ग्राफिक कार्डवाला, म्हणजे ताकदीला काही कमी नाही.

तरी पहिल्या बैठकीत थोड्या वेळाने मधे मधे टक् टक् असा आवाज यायला लागला आणि रूपाचा अभंग संपून गौळण सुरू झाली तेव्हा इंटरफेस स्क्रीनवरून गायबच झाला, रीपर (रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम) थांबलं, वायर काढून परत घातली तेव्हा दिसायला लागला. बुवा काही बोलले नाहीत पण आता दर वेळी "यंत्र तयार आसा मरे?" विचारल्याशिवाय सुरू करत नाहीत.

आता मंडळाच्या पैशातून लॅपटॉप घ्यायचा विचार आहे, पन्नास हजारांपर्यंत. दुकानदार म्हणतो आय७ आणि ३२ जीबी रॅम घ्या, यूएसबी ३ चे पोर्ट असलेला घ्या, म्हणजे अडकणार नाही. खरं आहे का? नवीन घ्यावा की जुना चालेल? आणि रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झवर करावं की ९६ वर? अजून एक, पंख्याचा आवाज बुवांच्या माइकमध्ये येतो, त्याला काही उपाय?

म्हापसा_साऊंडवाला:

पेटीवाले बाब, आधी खिशात हात घालू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यात ताकदीचा प्रश्न कुठेच दिसत नाही.

हिशोब बघा. २४ बिट ४८ किलोहर्ट्झला एका चॅनेलला सेकंदाला साधारण १.१५ मेगाबिट लागतात, चार चॅनेलला ४.६. यूएसबी २.० ची कागदावरची क्षमता ४८० मेगाबिट. म्हणजे रस्ता रिकामाच आहे, यूएसबी ३ घेऊन तो अजून रुंद केल्याने काही मिळत नाही, तुमचा २.० चा इंटरफेस निळ्या पोर्टात घातला तरी २.० सारखाच चालणार. डिस्कचंही तेच, चार ट्रॅक मिळून तासाला दोन जीबीच्या आसपास, जुनी हार्ड डिस्कसुद्धा हे आरामात लिहिते. आय७ काय नि आय५ काय, नुसतं रेकॉर्ड करायला प्रोसेसर झोपा काढतो.

अडचण वेळेची आहे. कदंबची बस कितीही मोठी असली तरी ती वेळेवर स्टँडवर लागली नाही तर माणसं खोळंबणारच, तसं आहे हे. इंटरफेस ठरलेल्या वेळेला डेटा देतो आणि विंडोजने तो ठरलेल्या वेळेत उचलायचा असतो. बफर, म्हणजे आलेला डेटा तात्पुरता धरून ठेवायची जागा, २५६ सॅम्पलचा असेल तर ४८ किलोहर्ट्झला हातात फक्त ५.३ मिलिसेकंद असतात. त्या वेळात वायफायचा, ग्राफिक कार्डचा नाहीतर बॅटरी मोजणारा ड्रायव्हर (तो भाग चालवणारं सॉफ्टवेअर) प्रोसेसर अडवून बसला की तेवढा तुकडा गेला, तोच तुमचा टक्. आणि गेमिंग लॅपटॉपमध्ये हे अडवणारे ड्रायव्हर जास्त असतात, रंगीत लाइटवाल्या कीबोर्डचं सॉफ्टवेअर, पंख्याचं सॉफ्टवेअर, दोन दोन ग्राफिक. म्हणून महाग लॅपटॉपवर टकटक आणि ऑफिसच्या साध्या डब्यावर काही नाही असं सर्रास दिसतं.

तेव्हा भाच्याच्याच लॅपटॉपवर लेटन्सीमॉन नावाचं प्रोग्रॅम टाका, फुकट आहे. वायफाय चालू ठेवून पंधरा-वीस मिनिटं चालू द्या, मग ड्रायव्हर्सच्या पानावर सगळ्यात जास्त वेळ कोण खातोय ते बघा. आकडा मायक्रोसेकंदात धरा, पाचशेच्या खाली राहिला तर चांगलं, हजाराच्या वर उड्या मारायला लागला तर त्या ड्रायव्हरचं नाव इथे टाका.

गायब होण्याचं कारण वेगळं असणार, ते बहुतेक वीज वाचवण्याचं आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन जेवढे यूएसबी रूट हब दिसतील त्या प्रत्येकाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये कॉम्प्युटरला हे बंद करू द्या अशी जी टिक असते ती काढा. पॉवर ऑप्शन्सच्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड असेल तर तेही डिसेबल करा, नव्या लॅपटॉपमध्ये कधी कधी ते दिसतच नाही, तिथे निदान पॉवर मोड बेस्ट परफॉर्मन्सवर ठेवा. स्लीप नेव्हर, झाकण मिटल्यावर काही करू नको. आणि एक विचारायचं राहिलं, मधे हब (एका पोर्टाची अनेक पोर्ट करणारा डबा) आहे का?

बफर मोठा ठेवा. तुम्हाला लॅपटॉपमधून इफेक्ट लावलेला आवाज परत हेडफोनमध्ये ऐकायचा नाही ना, मग १०२४ ठेवा, २१ मिलिसेकंद मिळतात. ऐकायचं ते इंटरफेसच्या डायरेक्ट मॉनिटरवरून ऐका, तो आवाज कॉम्प्युटरमध्ये जातच नाही त्यामुळे उशीर नाही. लोक उगाच १२८ वर ठेवतात कारण कुठल्यातरी व्हिडिओत गिटारवाल्याने सांगितलेलं असतं.

९६ ची गरज नाही. २४ बिट ४८ भरपूर झालं, ९६ केलं की फाईल दुप्पट आणि लॅपटॉपला कामही दुप्पट. त्यापेक्षा गेनवर, म्हणजे इंटरफेसवर माइकचा आवाज किती वाढवलाय त्यावर, लक्ष द्या. भजनात सुरुवातीला बुवा हळू असतात आणि गजराला सगळी मंडळी उठते, तर आधी गजरच म्हणायला लावा आणि त्यावर गेन असा धरा की सगळ्यात मोठा आवाज उणे १२ डीबीच्या आसपास राहील. २४ बिटमध्ये खाली जागा पुष्कळ असते, हळू आवाज नंतर वाढवता येतो, वर फाटलेला मात्र शिवता येत नाही.

सुशेगाद_ऑडिओ:

मॅक घ्या. विषय संपला.

फोंड्याची_रेकॉर्डिंगवाली:

सुशेगादबाब तुमचं प्रत्येक ठिकाणी हेच असतं 😄

मॅक चांगला आहे यात वाद नाही. २०२० च्या नोव्हेंबरात आलेल्या एम१ एअरला पंखाच नाही, म्हणजे पेटीवाले दादांचा एक प्रश्न तिथेच सुटतो, आणि क्लास कम्प्लायंट, म्हणजे यूएसबीच्या ठरलेल्या नियमांनी चालणाऱ्या, इंटरफेसला वेगळा ड्रायव्हर लागत नाही, लावला की मॅकच्या कोअर ऑडिओत दिसतो. पण त्याला यूएसबी सीचे दोनच पोर्ट, त्यातला एक चार्जरला जातो, रॅम आणि स्टोरेज नंतर वाढवता येत नाही, आणि मंडळातल्या बाकीच्यांना मॅक चालवता येतो का हेही बघायला हवं ना. शिवाय मॅक म्हणजे काही देव नव्हे, २०१८ च्या मॉडेलांना यूएसबी ऑडिओ तुटायचा त्रास होताच, मार्च २०१९ मध्ये १०.१४.४ च्या अपडेटमध्ये अ‍ॅपलने तो सुधारला, त्यांच्या अपडेटच्या माहितीतच लिहिलेलं होतं.

मी नाटकांचं आणि बैठकीच्या गाण्याचं रेकॉर्डिंग करते आणि माझं मत विचाराल तर पन्नास हजारात ऑफिसमधून निघालेला थिंकपॅड बघा, टी४८० किंवा त्यानंतरचा. वेगळं ग्राफिक कार्ड नसलेलाच मागा, टी४८० मध्ये काहींना असतं. नेहमीचे यूएसबी ए पोर्ट आहेत, रॅम बदलता येते, कीबोर्ड दणकट, आणि पैसे उरतात ते माइक आणि स्टँडला जातील. टी४८० च्या मागे जाऊ नका कारण विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्याच्या पुढचा प्रोसेसर लागतो आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. रॅम १६ असली की झालं, नुसत्या रेकॉर्डिंगला ८ सुद्धा चालते पण पुढे मिक्सिंग करताना कमी पडते. एसएसडी मात्र हवीच, वेगासाठी नव्हे तर फिरणारी डिस्क आवाज करते आणि टेम्पोतून नेताना आपटली की गेली.

नवीनच घ्यायचा असेल तर एक गोष्ट कोणी सांगत नाही, सध्या स्नॅपड्रॅगनवाले लॅपटॉप दुकानात दिसतात, बॅटरी मस्त चालते, पण त्यांचा प्रोसेसर एआरएम, म्हणजे इंटेलपेक्षा वेगळ्या जातीचा, आहे. नेहमीचे प्रोग्रॅम त्यावर नक्कल करून चालतात, ड्रायव्हर तसे चालत नाहीत. तुमच्या इंटरफेसच्या कंपनीने एआरएमसाठी ड्रायव्हर काढलाय का ते आधी बघा, नसेल तर तो लॅपटॉप आपल्या कामाचा नाही मग कितीही स्वस्त असो.

आणि दुकानात पेन ड्राइव्हवर लेटन्सीमॉन घेऊन जा. इंटरफेसही घेऊन जा. दुकानदार वैतागला तरी वैतागू दे, अर्धा तास तिथेच चार ट्रॅक रेकॉर्ड करून बघा आणि मग पैसे द्या. एकच मॉडेल असलं तरी आतलं वायफाय कार्ड वेगवेगळं असू शकतं त्यामुळे नेटवर चांगलं वाचलं म्हणून आपल्याला मिळालेला चांगला निघेल असं नाही.

पंख्याबद्दल, लॅपटॉपच लांब ठेवा. पण यूएसबीची वायर वाढवून नाही, ती पाच मीटरच्या पुढे नेऊ नका, तीन मीटरची चांगली वायर बरी. वाढवायची ती माइकची वायर. एक्सएलआर बॅलन्स्ड असते, वीस-पंचवीस मीटर सहज जाते. आम्ही इंटरफेस आणि लॅपटॉप अग्रशाळेत (देवळाच्या बाजूच्या खोल्यांत) ठेवतो आणि वायरी खिडकीतून सभामंडपात सोडतो, बुवांच्या समोर यंत्र दिसत नाही तेवढंच त्यांना मोकळं वाटतं.

पेडण्याचा_पेटीवाला:

सगळ्यांना देव बरें करूं. एवढं सविस्तर कोणी सांगेल वाटलं नव्हतं.

हब होता मधे, साधा, चार तोंडांचा, कारण माउस आणि पेन ड्राइव्ह पण लावायचा होता. तो काढला. लेटन्सीमॉन चालवलं, वायफाय चालू असताना एनडिस डॉट सिस आणि एनव्हीएलडीडीएमकेएम अशी दोन नावं वर येतात, दुसरं वाचताना जीभ अडकते, दोन्ही हजाराच्या वर जातायत. वायफाय बंद केलं की पहिलं खाली येतं, दुसरं तसंच राहतं. ते काय आहे?

आणि नवीनच त्रास दिसला. घरी शांतपणे ऐकताना चार्जर लावला की बारीक सूं असा आवाज येतो आणि स्पीकरवाल्यांच्या मिक्सरला वायर जोडली की तो मोठा होतो. चार्जर काढला की गप्प. एकाने सांगितलं चार्जरची मधली पिन काढून टाक, करू का?

म्हापसा_साऊंडवाला:

पिन काढू नका!! हे आधी सांगतो. ती अर्थची पिन आहे, सभामंडपात ओल्या फरशीवर पाय, हातात माइकचा धातू, बाहेर पाऊस, आणि डेकोरेटरने ओढलेली लाइन, तिथे अर्थ तोडायची सल्ला जो देतो त्याच्याकडून रेकॉर्डिंगच काय ट्यूबलाइटसुद्धा लावून घेऊ नका.

सूं येण्याचं कारण असं की लॅपटॉपचा चार्जर तीन पिनचा असला तर लॅपटॉप अर्थला जोडला जातो, पीएचा, म्हणजे स्पीकरवाल्यांचा, मिक्सर दुसऱ्या बोर्डावरून अर्थला जोडलेला असतो, आणि ऑडिओच्या वायरीच्या जाळीतून दोन्ही अर्थ एकमेकांना भेटले की वेटोळं तयार होतं, त्यातून पन्नास हर्ट्झची गुणगुण आणि चार्जरच्या आतला कचरा फिरत राहतो. दोन पिनवाल्या चार्जरला वेटोळं होत नाही पण त्याच्या आतल्या कपॅसिटरमधून थोडी गळती असते, लॅपटॉपच्या धातूला बोट लावलं की झिणझिण्या येतात ती हीच. उपाय दोन. एक, रेकॉर्ड करताना चार्जर काढून ठेवा, बॅटरी चांगली असेल तर दीड-दोन तासांची बैठक सहज निघते, मधल्या चहाला परत लावा. दोन, पीएला आवाज द्यायचाच असेल तर मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरचा डबा टाका. आणि शक्य असेल तर सगळं एकाच बोर्डावरून घ्या, लाइटच्या माळा आणि डिमर दुसऱ्या लाइनवर.

यूएसबी आयसोलेटर म्हणून मिळतात ते घ्यायला धावू नका, स्वस्तातले बहुतेक १२ मेगाबिटच्या जुन्या वेगावरच चालतात, तुमचा चार चॅनेलचा इंटरफेस त्यावर दिसणारच नाही.

ते जीभ अडकणारं नाव एनव्हिडियाच्या ग्राफिक ड्रायव्हरचं आहे आणि एनडिस म्हणजे नेटवर्कचं. रेकॉर्डिंगच्या वेळी विमान मोड, ब्लूटूथ बंद, आणि डिव्हाइस मॅनेजरमधून एनव्हिडियाचं कार्ड तात्पुरतं डिसेबल करून बघा, बहुतेक लॅपटॉपमध्ये स्क्रीन इंटेलच्या ग्राफिकवर चालू राहते. काम झालं की परत एनेबल करा नाहीतर भाचा तुमच्यावर अभंग रचेल.

डिचोलीचा_पेंग्विन:

आता माझी पाळी. मी लिनक्स म्हणणार हे सगळ्यांना माहीत आहे तरी म्हणतो, कारण फोंड्याच्या ताईंनी सांगितलेला टी४८० घेतला तर त्यावर उबुंटू स्टुडिओ टाकून बघायला पैसे लागत नाहीत, पेन ड्राइव्हवरून नुसता चालवूनही बघता येतो, इंटरफेस क्लास कम्प्लायंट असेल तर ड्रायव्हर शोधायचा प्रश्नच नाही, आल्सा (लिनक्सचा आवाज सांभाळणारा भाग) त्याला ओळखतो, वर पाइपवायर बसलेलं असतं, रीपर लिनक्सवर पण आहे, आर्डर हा दुसरा रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम आहे, आणि मधेच अपडेट होतंय थांबा म्हणून कोणी स्क्रीन निळी करत नाही. रिअल टाइमचा, म्हणजे काम ठरलेल्या वेळेतच करवून घेणारा, जो पॅच लोक वर्षानुवर्षं बाहेरून लावत होते तो २०२४ मध्ये लिनक्सच्या ६.१२ च्या मूळ कर्नेलमध्येच (गाभ्यातच) आला. फक्त तुमच्या युजरला ऑडिओ ग्रुपमध्ये घालायला विसरू नका, नाहीतर टकटक तशीच राहील आणि नाव लिनक्सचं खराब होईल.

फोंड्याची_रेकॉर्डिंगवाली:

पेंग्विनदादा सगळं खरं, पण देवळात लाइट गेली, इनव्हर्टर लागला, बुवा बसलेत आणि मंडळातल्या पोराला टर्मिनल उघडायला सांगायचं, हे मला झेपणार नाही 🙏 ज्याला जे हाताला वळण आहे ते त्याने वापरावं.

विंडोजवरच राहणार असाल तर अजून थोडं. इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा असिओ (आवाज कमी उशिराने पोचवणारा) ड्रायव्हर टाका आणि रीपरमध्ये तोच निवडा. विंडोज १० च्या २०१७ मधल्या अपडेटपासून यूएसबी ऑडिओ क्लास २ चा ड्रायव्हर विंडोजमध्येच आहे त्यामुळे इंटरफेस लावला की आवाज येतो आणि लोकांना वाटतं झालं काम, पण तो असिओ नाही. असिओ४ऑल पण टाकू नका, ते विंडोजच्याच ड्रायव्हरवर घातलेलं पांघरूण आहे, ज्याला स्वतःचा ड्रायव्हर नाही त्याच्यासाठी. इंटरफेसच्या कंट्रोल पॅनेलमध्ये, विंडोजच्या साऊंडमध्ये आणि रीपरमध्ये तिन्ही ठिकाणी ४८००० एकच ठेवा. विंडोजचे टिंग टिंग आवाज बंद करा, साऊंड स्कीम नो साऊंड्स. वनड्राइव्ह पॉज करा कारण तुम्ही रेकॉर्ड करताय ती फाईल तो तिकडे वर चढवायला बघतो, अँटीव्हायरसमध्ये रेकॉर्डिंगचा फोल्डर सोडून द्यायला सांगा, अपडेट आठवडाभर पुढे ढकला.

आणि सगळं बरोबर असून सपाट रेघ आली, आवाजच नाही, तर प्रायव्हसीमध्ये मायक्रोफोनची परवानगी बघा. डेस्कटॉप अ‍ॅपना माइक वापरू द्या हे बंद असलं तर काही प्रोग्रॅम कुरकुर न करता शांतता रेकॉर्ड करत बसतात.

सत्तरीकर_आजोबा:

मुलांनो तुमचं चालू द्या, मी कॅसेटच्या काळापासूनचा माणूस. माझं एकच म्हणणं, लॅपटॉप कितीही चांगला लावा, शेजारी एक हातातला रेकॉर्डर चालू ठेवा, झूमचा असो नाहीतर दुसरा कुठला, बॅटरीवरचा, दोन माइक असलेला. बुवांच्या समोर पाच-सहा फुटांवर स्टँडवर. लॅपटॉप पडला तरी निदान भजन हाती राहील. ज्या चाली एकाच माणसाकडे आहेत त्या एकाच यंत्रावर सोडू नयेत. किंबहुना मला विचाराल तर चार एक्सएलआर इनपुटचे रेकॉर्डर मिळतात, तोच घ्या आणि लॅपटॉप घरी मिक्सिंगला ठेवा.

दुसरं, फाईलची मर्यादा लक्षात ठेवा. साध्या वेव्ह फाईलला चार जीबीच्या पुढे जाता येत नाही, काही प्रोग्रॅम तर दोनलाच थांबतात. वास्कोच्या सप्ताहाला चोवीस तास भजन थांबत नाही, तिथे कोणी एकदा सुरू करून जेवायला गेला तर परत येईपर्यंत पंचाईत.

म्हापसा_साऊंडवाला:

आजोबांचं दुसऱ्या यंत्राचं म्हणणं शंभर टक्के. चार इनपुटच्या रेकॉर्डरबद्दल थोडा मतभेद, त्या छोट्या पडद्यावर चार लेव्हल एकदम बघणं आणि मधेच कोणता माइक मेला ते कळणं कठीण जातं, लॅपटॉपवर ते लांबून दिसतं. पण ज्याला लॅपटॉपचे एवढे लाड करायचे नाहीत त्याला तोच मार्ग सरळ आहे, हे मान्य.

चार जीबीचं पेटीवाल्यांना लागू नाही. रीपर प्रत्येक माइकची वेगळी मोनो फाईल करतं, एक फाईल तासाला साधारण अर्धा जीबी, म्हणजे आठ तासांपर्यंत काळजी नाही. सप्ताहासारखं काही असेल तर सेटिंगमध्ये आरएफ६४ किंवा वेव्ह६४ निवडा, आणि बाहेरची डिस्क फॅट३२ वर फॉरमॅट केलेली नसावी, तिलाही तीच चार जीबीची भिंत आहे.

पेडण्याचा_पेटीवाला:

विमान मोड, ग्राफिक डिसेबल, हब नाही, बफर १०२४, चार्जर काढलेला, असं करून भाच्याच्याच लॅपटॉपवर घरी दीड तास नुसती पेटी वाजवत बसलो, एकही टक् नाही आणि इंटरफेसही हलला नाही. घरच्यांनी मात्र हात जोडले. आता मंडळाला सांगितलं की लॅपटॉपची घाई नको, आधी स्टँड आणि वायरी घेऊ, लॅपटॉप मागाहून जुना बघू. आजोबा, रेकॉर्डरची पण व्यवस्था करतोय.

एक शेवटचं विचारतो. चवथीला पोरांची घुमट आरती (घुमट म्हणजे कातडं चढवलेलं मातीचं वाद्य) पण घ्यायची आहे. त्यांच्यातल्या एकाने दोन यूएसबी माइक आणलेत, तो म्हणतो इंटरफेस कशाला, दोन्ही माइक सरळ लॅपटॉपला लावू, एक घुमटांना, एक शामेळ (ढोलासारखं वाद्य) आणि कासाळ्याला (मोठ्या झांजांना). चालेल?

फोंड्याची_रेकॉर्डिंगवाली:

नको दादा. प्रत्येक यूएसबी माइकच्या आत स्वतःचं घड्याळ असतं आणि कुठलीही दोन घड्याळं अगदी सारखी चालत नाहीत. दोघांत लाखाला पाच इतका जरी फरक धरला तरी तासाभरात ०.१८ सेकंद होतात, म्हणजे घुमट एकीकडे आणि कासाळे दुसरीकडे. विंडोजवर असिओमध्ये एका वेळी एकच यंत्र धरता येतं, मॅकमध्ये अ‍ॅग्रिगेट डिव्हाइस करून एकाला दुसऱ्याच्या मागे ओढता येतं पण ते ठिगळ झालं. एक इंटरफेस, एक घड्याळ. आणि कोणी यूएसबीवाला मिक्सर देऊ केला तर आधी विचारा की यूएसबीवर प्रत्येक चॅनेल वेगळा येतो का, पुष्कळ मिक्सर फक्त डावा-उजवा मिसळलेला आवाज देतात, नंतर शामेळ कमी करायचं म्हटलं तर करता येत नाही.

२०१९ मध्ये घुमटाला गोवा राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं पण त्याला माइक कुठे लावायचा ते कोणी सांगत नाही, म्हणून मीच सांगते 😄 कातड्याच्या समोर अगदी जवळ लावला की नुसती थाप येते, मागच्या उघड्या तोंडाशी लावला तर घुमतं पण हवेचा फटका बसतो. हातभर अंतरावर, दोन्हींच्या मधल्या कोनात धरा, आणि इंटरफेसवर पॅडचं (आत येणारा आवाज कमी करणारं) बटण असेल तर दाबा. शामेळाला वेगळा माइक लागतच नाही बहुतेक वेळा, सगळ्या माइकांत ते येतंच.

म्हापसा_साऊंडवाला:

+१. आणि पाऊस असेल तर लॅपटॉप आणि इंटरफेस काम झाल्यावर बॅगेत सिलिका जेल टाकून ठेवा, आपल्या हवेत पोर्टातले पत्रे हिरवे पडायला वेळ लागत नाही, आणि मग परत "इंटरफेस मधेच गायब होतो" म्हणून नवीन धागा काढाल. यूएसबीची बी बाजूची (इंटरफेसकडची) वायर सैल वाटली तर ती आधी बदला, ड्रायव्हर नंतर.

पेडण्याचा_पेटीवाला:

वायर सैलच आहे, उद्या म्हापशाला येतो तेव्हा घेतो. कुठली घेऊ, जाड काळी की ती पारदर्शक निळी?

म्हापसा_साऊंडवाला:

रंग कुठलाही चालेल. छोटी आणि घट्ट बसणारी बघा, आणि दोन घ्या.